तक्रार नेमकी कुणाकडे जाते?

संपादक महोदय,

चाकण, रांजणगाव, भोसरी भागातल्या बऱ्याच कारखान्यांत आचारसंहिता म्हणजे रुजू होताना सही करायचा आणखी एक कागद. तोही इंग्रजीत. लाइनवरच्या ऑपरेटरने किंवा कंत्राटी कामगाराने तो वाचावा अशी अपेक्षाच नसते; ऑडिटला सह्यांची फाइल दाखवली की भागते.

कायद्यापुढे मात्र एवढ्याने भागत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर, कंपनीच्या कामासाठी तिच्या वतीने कुणी लाच दिली तर कंपनीही दोषी ठरू शकते. ते रोखण्याची पुरेशी व्यवस्था होती, हे दाखवणे हा तिचा बचाव. परवाने काढून देणारा एजंटही यात आला. त्याच्या बिलात ‘इतर खर्च’ म्हणून ठोक रक्कम असेल आणि सोबत सरकारी पावती नसेल, तर अकाउंट्सने बिल तिथेच अडवावे.

भंगारविक्रीकडे तर कुणी बघतच नाही. रिकामा ट्रक वजनकाट्यावर घेताना आत दोन माणसे आणि पाण्याचे भरलेले पिंप. भंगार भरून ट्रक परत काट्यावर येतो तेव्हा दोन्ही नाहीत. तेवढ्या वजनाचे भंगार फुकट गेले. दोन्ही वेळचा काट्याचा फोटो, स्टोअर आणि सिक्युरिटी दोघांच्या सह्या आणि काट्यावरच्या माणसाची ठरावीक काळाने बदली, एवढे केले तरी हा प्रकार बराच आटोक्यात येतो.

सगळ्यात कच्चा दुवा तक्रारीचा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांच्या ठेवी घेणाऱ्या आणि बँका-वित्तसंस्थांचे ५० कोटींहून अधिक कर्ज असलेल्या कंपन्यांना तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते. ती असतेही, पण प्लँट हेडविरुद्धची तक्रार त्याच्याच हाताखालच्या एचआरकडे येते, आणि तक्रारपेटी कॅमेऱ्यासमोर टांगलेली असते. तक्रारीचा फोन प्लँटबाहेरच्या माणसाने मराठीत आणि हिंदीत घ्यावा, निनावी तक्रारीलाही क्रमांक द्यावा, सात दिवसांत पोच द्यावी. लैंगिक छळाची तक्रार अर्थातच अंतर्गत समितीकडे जावी. तिथे चौकशीला ९० दिवसांची मुदत कायद्यानेच घातली आहे.

कंत्राटी कामगाराचा सूड घेणे फार सोपे असते. ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणतो आणि गेटपास बंद होतो. कंपनीच्या कागदावर काहीच उमटत नाही. म्हणून तक्रारदाराचा गेटपास वर्षभर अनुपालन अधिकाऱ्याच्या (कंपनीत कायदे-नियम पाळले जातात का हे बघणाऱ्याच्या) लेखी परवानगीशिवाय बंद करता येऊ नये. तक्रारदाराचे नाव ठेकेदाराला कळू न देता हे करायचे, तर ठेकेदाराकडच्या कुठल्याही कामगाराचा पास बंद करण्याआधी ही परवानगी लागेल असा नियम करावा.

पन्नास-साठ कामगारांच्या पुरवठादाराला ही सगळी व्यवस्था एकट्याने परवडणार नाही. पुण्यातल्या उद्योग संघटनांनी अशा लहान कारखान्यांसाठी एक सामायिक तक्रार क्रमांक आणि चौकशीसाठी बाहेरच्या जाणकारांची यादी तयार करावी, खर्च सभासदांत वाटून घ्यावा, आणि मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांशी करार करताना त्यात सहभागाची अट घालावी.

— एक कंपनी सेक्रेटरी, चिंचवड, पुणे