इंजिन बांधा, पण मापाचा कागद शेतकऱ्याला द्या

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मे महिना लागला की आमच्याकडं प्रत्येक गॅरेजपुढं दोन-तीन ट्रॅक्टर बॉनेट काढून उघडे पडलेले दिसतात, मृगाच्या आत इंजिन बांधून पाहिजे म्हणून प्रत्येकाची घाई, आणि ह्या घाईतच चांगल्या जुन्या इंजिनांची वाट लागते. त्यावर लिहायचंय, जरा लांबेल पण जागा द्या.

आमच्या घरी एचएमटी झेटर २५११ आहे, गावात सगळे पंचवीस-अकराच म्हणतात. वडिलांनी १९७६ ला घेतला. एचएमटीनं १९७१ मध्ये हरियाणात पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरबरोबर हे २५ हॉर्सपॉवरचं मॉडेल काढायला सुरुवात केली, दोन सिलेंडर, ९५ मिलिमीटरचा बोअर (सिलेंडरची रुंदी), ११० चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), साधं सरळ इंजिन. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय केंद्रानं २०१६ ला घेतला. म्हणजे आता ह्या ट्रॅक्टरला मायबाप असा कुणी राहिलेला नाही, जे काय करायचं ते गावच्या मेकॅनिकनं, टर्नरनं आणि आपण.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात आमचा ट्रॅक्टर ऑईल खायला लागला, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर, सकाळी उताराला लावल्याशिवाय चालू होईना. तालुक्याच्या एका गॅरेजात टाकला. नवीन लायनर-पिस्टन कीट (लायनर म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो ती नळी), रिंगा, बेअरिंगा, सगळं बदललं, चार दिवसात बांधून दिला. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, मशीनवर घासायचा का असं मी विचारलं तर मिस्त्रीनं जर्नलवरनं (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) नख फिरवलं आणि चालतंय म्हणाला. बिलावर एकच ओळ, फुल इंजिन काम. ट्रॅक्टर घरी आला तेव्हा आवाज एकदम गोड होता, वडील अंगणात खुर्ची टाकून ऐकत बसले होते.

दिवाळीनंतर नांगरटीला रोज रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावं लागायला लागलं. बाहेर कुठं थेंब नाही. एक दिवस सकाळी डिपस्टिक ओढली तर ऑईल काळं नाही, दुधाच्या चहासारखं, काडीला चिकटून बसलेलं. तेवढ्यात बंद केला असता तरी वाचलं असतं, पण एवढा एक तुकडा संपवू म्हणून चालवला आणि तासाभरात ऑईल प्रेशरचा काटा खाली आला, खालनं ठोका सुरू झाला. सहा महिन्यात इंजिन परत खोलायची पाळी.

ह्या वेळी मी सुट्टं इंजिन टेम्पोत घालून कराडला एका वयस्कर टर्नरकाकांकडं नेलं. त्यांनी पहिलं वाक्य बोलले ते अजून लक्षात आहे, "दादा, आधी मोजू, मग बोलू." दोन्ही लायनर काढले. हे लायनर पाण्यातले असतात, म्हणजे बाहेरच्या अंगाला थेट पाणी खेळतं आणि खाली रबरी रिंगा ते पाणी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात, उतरू देत नाहीत. काकांनी ब्लॉकमध्ये टॉर्च मारली आणि माझं बोट धरून जिथं ती रबरी रिंग बसते त्या जागेवर ठेवलं. गंजाचे खवले, खडबडीत, मिठाच्या खड्यासारखे बोटाला लागत होते. त्याच्यावरच नवीन लायनर ठोकून बसवला होता, रिंग एका बाजूला कापली गेली आणि तिथनं पाणी ऑईलमध्ये. एका पॉलिश पेपरचं आणि अर्ध्या तासाचं काम होतं ते.

मग क्रँक. मायक्रोमीटरनं एकेक जर्नल आडवं मोजलं, उभं मोजलं, दोन्ही टोकांना मोजलं, पुतण्या वहीत आकडे लिहून घेत होता. जर्नल गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं झालेलं, नखाला हे कधीच कळणार नाही, नखाला फक्त ओरखडा कळतो. वीस साईजला, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे वीस हजारांश कमी, क्रँक घासला आणि त्याच साईजच्या बेअरिंगा आणल्या. घासल्यावर क्रँकच्या ऑईलच्या भोकांमध्ये तार घालून, डिझेलनं धुवून, हवा मारून दोनदा साफ केलं, कारण ग्राइंडिंगची पूड आत राहिली तर नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी खाऊन टाकते. बेअरिंगच्या कॅपखाली प्लास्टिगेजचा (फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा) दोरा ठेवून टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, आवळलं, परत खोललं आणि चपटा झालेला दोरा पट्टीवर मोजला, किती फट राहते ते समोर दिसलं. पिस्टनच्या रिंगा आधी नुसत्या बोअरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) रिंगच्या दोन टोकांमधला गॅप बघितला. लायनरची कॉलर ब्लॉकच्या वर किती येते ते डायल गेजनं बघितलं, दोन्ही लायनर सारखे पाहिजेत, ही मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शातली गोष्ट आहे.

आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चेंबर आणि हेड बसवायच्या आधी ब्लॉकमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवलं, खाली कोरा पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरडा. ह्या टेस्टला एक रुपया लागत नाही साहेब, पण ती कुणी करत नाही. पंप-नोझल चेक करून आणलं, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावले, एअर क्लीनरच्या रबरी पाइपला चीर होती तो बदलला (रोटर, म्हणजे रोटाव्हेटर, मारताना जी धूळ आत जाते तिनंच लायनर जातात, हे पण लोक बघत नाहीत). पहिले ५० तास हलकं काम, मग ऑईल बदललं. आता दोन हंगाम झाले, पाणी घालावं लागत नाही, ऑईलची पातळी हलत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की जो कोणी इंजिन बांधेल त्यानं बिलासोबत मापाचा कागद द्यावा. क्रँकची जर्नल किती होती, किती केली, बेअरिंगची फट, रिंग गॅप, लायनरची उंची, कोणत्या बोल्टला किती टॉर्क. एक पान पुरतं. मिस्त्री लोकांना दोष देऊन पत्र संपवायचं नाही मला, कारण मोजायचे पैसे आपण शेतकरी देत नाही आणि चार दिवसात पाहिजे म्हणून डोक्यावर आपणच बसतो. पण कागद मागितला तर मोजावं लागतंच. सरकारी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड आहे, तिथं मायक्रोमीटर, बोअर गेज सगळं असतं, एप्रिल-मे मध्ये आठवड्यातला एक दिवस तरी शेतकऱ्यांचे क्रँक आणि लायनर मोजून द्यायला ठेवा, पोरांचाही हात बसेल. आणि तुमच्या पेपरच्या शेतीच्या पानावर औषधाचे, बियाणाचे लेख येतात तसं इंजिन बांधताना काय मोजायचं ह्यावर एक तरी येऊ द्या. नवीन ट्रॅक्टरचा हप्ता सगळ्यांना झेपत नाही, आमच्यासारख्या चार-पाच एकरवाल्याला २५ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन नीट बांधलं तर भरपूर झालं.

पुतण्यानं वहीत लिहिलेलं ते पान आता टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलंय. त्याचा फोटो सोबत पाठवतोय. अक्षर वाकडं आहे पण आकडे नीट वाचता येतात, जमलं तर मृगाच्या आधी छापा.

आपला,
एक शेतकरी, ता. खटाव, जि. सातारा