हुतात्मा चौकातल्या पुस्तकवाल्या दादांचे आभार

शनिवारी आईला मुंबईतला फोर्ट भाग दाखवायला नेलं. व्हीलचेअर कुठून जाईल ते आधीच बघून ठेवलं होतं. एशियाटिक लायब्ररीच्या ३० पायऱ्या खालूनच बघायच्या ठरल्या होत्या. १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन पाहून वळलो आणि पुढचं छोटं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. मागून हॉर्नवर हॉर्न. जुनी पुस्तकं विकणारे दादा गिऱ्हाईक सोडून धावत आले. आधी आईलाच विचारलं, "आजी, खुर्चीला हात लावू का?" मग चाक हळूच फिरवून सोडवलं, खुर्चीचं तोंड वळवलं आणि मोठी चाकं आधी फूटपाथवर घेतली. पुढे लोखंडी खांब इतके जवळजवळ की व्हीलचेअर जाईना (बाइक मात्र बरोबर घुसतात!). तिथून त्यांच्याकडच्या मुलाने पुढे चालत रुंद वाट दाखवली. दादा, तुमचे आणि त्या मुलाचे मनापासून आभार. आई भेटेल त्याला सांगते, "त्यानं मला विचारलं हो!"