लॅपटॉप घेण्याआधी महाविद्यालयाचे एक पान हाती पडावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की सांगलीच्या बाजारपेठेत आणि विश्रामबाग परिसरातील दुकानांत लॅपटॉप घ्यायला आलेल्या पालकांची गर्दी दिसू लागते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव अशा तालुक्यांतून आलेल्या या पालकांना एकाच फेरीत काम उरकून परतायचे असते. प्रवेशाची फी आणि वसतिगृहाची अनामत भरून जे उरले असेल त्यात, नाहीतर हप्त्यांवर, ही खरेदी होते. मी तासगावात संगणक प्रशिक्षण वर्ग चालवते आणि असे नवे घेतलेले लॅपटॉप 'जरा बघून द्या' म्हणून माझ्याकडे येत असतात. ते बघताना जे वारंवार आढळते, त्यावरून जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे एक मागणी करावीशी वाटते. प्रत्येक महाविद्यालयाने, शाखेनुसार, कोणत्या कामासाठी कसा लॅपटॉप लागेल आणि मुळात तो पहिल्या वर्षी लागेल की नाही, हे सांगणारे एक पान सोप्या मराठीत, पालकांनी खरेदी करण्याआधी, प्रसिद्ध करावे.

गेल्या वर्षी जत तालुक्यातील एक शेतकरी आपल्या पदविकेला प्रवेश मिळालेल्या मुलीसह वर्गात आले होते. लॅपटॉप आठवड्यापूर्वी घेतलेला, पडद्यावरची प्लास्टिकची पापुद्री अजून काढलेली नव्हती. तक्रार एवढीच होती की विंडोजचा अपडेट पूर्ण होत नाही. मी 'सी' ड्राइव्ह उघडून पाहिला, तर जागा संपत आल्याची लाल पट्टी दिसत होती, आणि मुलीने तर अजून स्वतःची एकही फाइल त्यात साठवलेली नव्हती. खोक्यावर ४ जीबी रॅम (चालू कामापुरती तात्पुरती स्मृती) आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त, संथ प्रकारची) साठवण असे बारीक अक्षरात छापले होते. या ६४ जीबीपैकी प्रत्यक्षात साठच्याही आत जागा दिसते, त्यातली बरीचशी विंडोजच घेते आणि मोठा अपडेट उतरवून बसवायला लागणारी मोकळी जागा उरत नाही. साठवणही बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची बसवलेली, आणि रॅमही तशीच, त्यामुळे वाढवण्याचा मार्ग बंद. दुकानात परत विचारल्यावर 'कॉलेजला एवढं चालतं' असे उत्तर मिळाले. त्या उत्तराला कागदोपत्री आधारही आहे, कारण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान अट नेमकी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण हीच आहे. विंडोज सुरू होण्यापुरते जे पुरते, ते अख्खा अभ्यासक्रम पार पाडायला पुरत नाही, हे त्या वडिलांना खरेदीआधी सांगणारे कोणीच नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

पालकांची खरी फसगत होते ती प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपच्या, नावात. 'आय-फाइव्ह आहे ना?' हा आपल्याकडे ठरलेला प्रश्न झाला आहे आणि दुकानदारही त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो. आय-फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या एका मालिकेचे नाव आहे आणि त्या नावाखाली कित्येक वर्षांचे, एकमेकांशी ताकदीने न जुळणारे प्रोसेसर विकले गेले आहेत. उदाहरणार्थ, २०१६ मध्ये आलेल्या आय-फाइव्ह ७२००यू या प्रोसेसरमध्ये दोन कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, तर २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१५यू मध्ये सहा आहेत आणि तो कामाला कितीतरी वेगवान आहे. वापरलेल्या मालाच्या दुकानात मात्र पहिला 'आय-फाइव्ह' म्हणून ऐटीत मांडलेला असतो. आता तर इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावातून 'आय' हे अक्षरच काढून टाकले आहे, त्यामुळे 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' या नावांनी गोंधळात भर पडली आहे. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचेही तसेच आहे. 'रायझेन ५ ७५२०यू' आणि 'रायझेन ५ ७५३०यू' या दोन नावांत एका आकड्याचा फरक दिसतो, परंतु त्या मालिकेत तिसरा आकडा प्रोसेसरच्या रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात २०१९ मध्ये आलेल्या रचनेचे चार कोअर आहेत, दुसऱ्यात त्यानंतरच्या रचनेचे सहा. आपल्या भागातला व्यापारी बेदाण्याच्या सौद्यात दाणा, रंग आणि ओल पाहिल्याशिवाय बोली लावत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत शेतकऱ्यालाही तसा माल पाहता यावा, म्हणून त्या बारीक आकड्यांचा अर्थ कोणीतरी अधिकाराने समजावून सांगायला हवा.

माझ्या अनुभवाने, आज अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची साठवण) यांवर पैसे खर्च करावेत आणि प्रोसेसरच्या नावासाठी यात काटछाट करू नये. बजेट अगदीच कमी असेल तर ८ जीबी रॅमचा घ्यावा, पण रॅम वाढवण्यासाठी मोकळी जागा, म्हणजे स्लॉट, आहे याची खात्री करूनच. पातळ आणि दिसायला देखण्या लॅपटॉपमध्ये बहुधा रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे 'नंतर वाढवून घेऊ' हा विचार तिथे फोल ठरतो, आणि हे बिल करण्याआधी कोणी आपणहून सांगत नाही. मोबाइल अ‍ॅप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओसारखे सॉफ्टवेअर एम्युलेटरसह, म्हणजे पडद्यावरच्या आभासी फोनसह, चालवायचे तर खुद्द गुगलच किमान १६ जीबी रॅम सांगते. याउलट वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेबाचे टॅली, स्प्रेडशीट आणि ब्राउझर एवढ्यासाठी ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप व्यवस्थित पुरतो, आणि कला शाखेत तर पुष्कळांचे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या आणि ग्रंथालयातल्या संगणकांवर भागू शकते. या शेवटच्या गटातील पालकांनी केवळ 'सगळ्यांकडे आहे' म्हणून कर्ज काढू नये, असे मला कळकळीने वाटते.

अभियांत्रिकीच्या पालकांना सध्या 'गेमिंग लॅपटॉपच लागतो' असे सर्रास सांगितले जाते. त्याचे समर्थन म्हणून सॉलिडवर्क्स, रेव्हिट, अँसिस अशा अभियांत्रिकी आराखड्यांच्या आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरची नावे घेतली जातात. ही सॉफ्टवेअर काही शाखांत वरच्या वर्गांत लागतात हे खरे आहे, आणि त्या वेळी गेमिंग लॅपटॉपमध्ये असते तसे वेगळे ग्राफिक्स कार्ड (चित्रे झपाट्याने रेखाटणारी चिप) उपयोगी पडते हेही खरे आहे. परंतु पहिल्या वर्षी सी किंवा पायथॉनचे प्रोग्राम लिहायला आणि साधी द्विमितीय रेखाचित्रे काढायला त्याची गरज पडत नाही, आणि पुढे लागले तरी ते काम महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत होते की घरी करावे लागते, हे विभागप्रमुखच सांगू शकतात. दुकानदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवाय असा लॅपटॉप दोन किलोंच्या वर भरतो, त्याचा अडॅप्टर वेगळा जड असतो आणि बॅटरी लवकर उतरते. तासगावहून किंवा कवठेमहांकाळहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या, आणि वस्तीवर राहत असल्यामुळे संध्याकाळी वीज असेलच याचा भरवसा नसलेल्या मुलाला, दीड किलोच्या आसपास वजनाचा, पन्नास वॉट-अवरच्या (बॅटरीच्या क्षमतेचे माप) घरातील बॅटरीचा आणि टाइप-सी चार्जरवर चालणारा लॅपटॉप अधिक सोयीचा आहे.

याच ओघात आणखी दोन गोष्टी पानावर याव्यात. सॉलिडवर्क्स आणि टॅली मॅकबुकवर थेट चालत नाहीत, आणि क्रोमबुकवर विंडोजची सॉफ्टवेअर बसवता येत नाहीत. इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे जे विंडोज लॅपटॉप २०२४ पासून बाजारात आले आहेत, त्यांची बॅटरी चांगली असली तरी अभियांत्रिकीची सगळी सॉफ्टवेअर आणि सगळ्या यंत्रांचे ड्रायव्हर (यंत्र लॅपटॉपला जोडून देणारे प्रोग्राम) त्यांवर चालतीलच असे नाही. लॅपटॉप चांगला असूनही अभ्यासक्रमाला निरुपयोगी ठरण्याचा हा प्रकार आहे आणि तो फक्त अभ्यासक्रम ठाऊक असलेल्यालाच आधी ओळखता येतो.

वापरलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा काहीच नाही. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक या वर्गातील लॅपटॉप बांधणीला मजबूत असतात, त्यांचा कीबोर्ड टिकतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम व एसएसडी बदलता येते. कमी पैशांत नवा पण दुबळा लॅपटॉप घेण्यापेक्षा मी असाच लॅपटॉप सुचवते. मात्र विंडोज १०चा सर्वसाधारण आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी, थोडे अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची अंगभूत सोय लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा माल त्यानंतर स्वस्तात सुटणे ओघानेच आले. अशा लॅपटॉपवर आडमार्गाने विंडोज ११ टाकून दिलेलेही मी पाहिले आहे. घेताना समोर बसून विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून घ्यावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारी शेजारी दिसते, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करावीत.

'ऑफिस टाकून देतो, फुकट' या शब्दांनी सौदा गोड केला जातो, त्याबद्दलही बोलले पाहिजे. परवाना नसलेले ऑफिस बसवताना अनेकदा विंडोजचे सुरक्षा कवच आधी बंद केले जाते आणि मग कुठून तरी उतरवलेले, परवान्याची अट चुकवणारे अ‍ॅक्टिव्हेटर चालवले जाते. त्या एका कृतीने मुलाच्या ई-मेलपासून वडिलांच्या नेट बँकिंगपर्यंत सगळे उघड्यावर येऊ शकते. याची गरजच नसते. काही लॅपटॉपवर कायमचा परवाना असलेले ऑफिस कंपनीकडूनच येते, मात्र काही महिन्यांची चाचणी आवृत्ती आणि हा कायमचा परवाना यांतला फरक बिल करण्यापूर्वी विचारून घ्यावा. ऑफिससारखेच काम करणारे लिब्रेऑफिस मोफत आहे आणि त्यात युनिकोड मराठी उत्तम लिहिता येते. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना अधिकृत ई-मेल पत्ते दिले आणि मायक्रोसॉफ्टकडे शिक्षणसंस्था म्हणून नोंदणी केली, तर ब्राउझरमध्ये चालणारे ऑफिस विनामूल्य मिळते. रेखाचित्रांची सॉफ्टवेअर बनवणारी ऑटोडेस्क कंपनीही पात्र विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर शिक्षणासाठी मोफत वापरू देते. ही माहिती वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून कानोकानी पोहोचते आणि पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांपर्यंत ती सर्वांत शेवटी येते.

बिलाबाबत थोडक्यात. छापील बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक असावा, वॉरंटीची मुदत कंपनीच्या संकेतस्थळावर तो अनुक्रमांक टाकून दुकानातच तपासावी आणि दुरुस्ती घरी येऊन होणार की लॅपटॉप घेऊन सेवा केंद्रात जावे लागणार, हे लिहून घ्यावे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नाही. ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपसाठीही सांगलीतच तक्रार करता येते, हे अनेकांना माहीत नसते.

महाविद्यालयांकडून मी कंपनीची शिफारस मागत नाही आणि ती त्यांनी करूही नये, कारण त्यातून ठरावीक दुकानांशी लागेबांधे असल्याचा संशय येतो. प्रत्येक विभागाने पहिल्या ते शेवटच्या वर्षापर्यंत कोणती सॉफ्टवेअर लागतील, त्यांपैकी कोणती प्रयोगशाळेत उपलब्ध आहेत, त्यासाठी किमान किती रॅम व साठवण हवी, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालणार नाही, आणि लॅपटॉप कोणत्या सत्रापासून खरोखर लागेल, एवढे लिहावे. शैक्षणिक कर्ज घेणाऱ्या पालकांना या पानाचा आणखी एक उपयोग आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो, आणि अशी गरज महाविद्यालयाने लेखी दिलेली असली तर तो खर्च कर्जाच्या अर्जात दाखवणे सोपे जाते. आज पुष्कळ पालक शैक्षणिक कर्ज एकीकडे आणि लॅपटॉपचे चढ्या व्याजाचे हप्ते दुसरीकडे असे दुहेरी ओझे उचलताना मी पाहते.

सांगली, मिरज आणि विटा येथील विक्रेत्यांनाही माझी विनंती आहे की त्यांनी किमतीच्या पट्टीवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम सोल्डर केलेली आहे की वाढवता येते आणि साठवण एसएसडी आहे की ईएमएमसी, ही माहिती ठळक मराठीत लिहावी. चांगला माल ठेवणाऱ्या दुकानदाराचे यात नुकसान नाही.

हे पान महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आणि प्रवेश कक्षाच्या भिंतीवर पहिल्या फेरीची यादी लागण्यापूर्वी लागले पाहिजे. बहुतेक पालक फी भरायला येतात त्याच दिवशी लॅपटॉपही घेऊन जातात, आणि वर्ग सुरू झाल्यावर शिक्षकांनी कितीही नीट समजावले तरी तोवर खोके फोडलेले असते. आपल्या दैनिकाने येत्या प्रवेश हंगामात जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे या पानाची विचारणा करावी आणि ज्यांनी ते काढले त्यांची नावे छापावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
संगणक प्रशिक्षण वर्गाची संचालिका,
तासगाव, जि. सांगली