आधी ओळ, मग अर्थ

खानापूर, जि. बेळगाव

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

पहिल्या सत्रात ग्रीक आणि साहिदी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेची साहिदी बोली, एकदमच घेते म्हणालीस. घे, पण ग्रीक मागे पडू देऊ नकोस. कॉप्टिकची अक्षरं बहुतेक ग्रीकच, साहिदीत वर डेमोटिक या जुन्या इजिप्शियन लिपीतली सहा. ती आठवड्यात बसतील. माणूस अडतो तो कोशापाशी. पानावर दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, आजोबांच्या मोडी कागदांसारखीच. ‘प्नूते’ दिसलं की नवखा ‘प’खाली शोधत बसतो. ‘प’ हे पुल्लिंगी उपपद. देव म्हणजे ‘नूते’, तेव्हा ‘न’खाली बघायचं. क्रम (Crum) या कोशकारांच्या १९३९च्या कॉप्टिक कोशाची मांडणी व्यंजनांवर आहे, स्वर नंतर. तरीही शब्द मिळाला नाही, तर तो बहुधा ग्रीक. ‘एक्लेसिया’ (चर्च) यासारखे शब्द त्यात घेतलेलेच नाहीत. आपल्या बोलीतला कानडी शब्द मराठी कोशात शोधावा, तसं होतं ते.

हस्तलिखिताच्या पानाचा फोटो हाती आला की लगेच अर्थ लावू नकोस. ओळीला ओळ उतरव. मुळात ओळ शब्दाच्या मधोमध तुटली असेल तर तूही तिथेच तोड. अर्धवट दिसणाऱ्या अक्षराखाली टिंब, गेलेला मजकूर चौकटी कंसात. अक्षरांवरची आडवी रेघ गाळू नकोस. कुठे ती व्यंजनाचा उच्चार सांगते, कुठे येशूच्या नावाचा संक्षेप. टिंब विसरलीस तर पुढचे लोक तुझा अंदाजच मूळ पाठ धरतील.

ओळींचा एवढा आग्रह का, ते सांगते. २०१२ साली येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द असलेला पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाचा, कॉप्टिक तुकडा गाजला. कार्बन चाचणीत पपायरस सातव्या-आठव्या शतकातला निघाला, आणि पुष्कळांना तेवढं पुरलं. पण चाचणी पपायरसचं वय सांगते, लिखाणाचं नाही. त्याच्याच सोबत आलेला, त्याच हातचा योहानाच्या शुभवर्तमानाचा तुकडा १९२४ साली छापलेल्या एका हस्तलिखिताशी ताडला, तेव्हा एकाआड एक ओळ जशीच्या तशी उचललेली दिसली, तुटायच्या जागांसकट. शिवाय त्याची लायकोपोलिटन ही कॉप्टिकची बोली त्या शतकांच्या आधीच लिखाणातून गेलेली. असं त्या बनावट तुकड्याचं बिंग फुटलं.

जर्मन आणि फ्रेंच वाचण्यापुरती आत्ताच सुरू कर. इजिप्तमधल्या सोहागजवळच्या शुभ्र मठातल्या एकाच पोथीची पानं पॅरिस, व्हिएन्ना, नेपल्स अशी विखुरलेली असतात, आणि हस्तलिखितांच्या बऱ्याच जुन्या याद्या जर्मन-फ्रेंचमध्येच आहेत. प्राध्यापकाच्या जागा फार थोड्या. याद्या करणं आणि डिजिटल पाठ तयार करणं येत असेल तर जर्मनीतल्या गटिंगेनच्या कॉप्टिक जुन्या करारासारख्या प्रकल्पांत काम मिळू शकतं.

पहिलं पान उतरवलंस की फोटोसकट पाठव. टिंबं मी तपासते.

तुझी आई