वाघाच्या आवारापुढे भेटलेल्या भाऊंना, खान्देशातून

नमस्कार भाऊ,

इंदूरच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात धुळे-शिरपूरची मंडळी "हाऊ ते झोपेलच शे" म्हणत वाघापुढून निघाली होती. तुम्ही, तिथले वाघ सांभाळणारे, खराटा भिंतीला टेकवलात आणि इंदुरी वळणाच्या मराठीत आम्हाला थांबवलंत. त्याचे हे आभार. इथून आणखी घरं तिकडे जाणार आहेत, म्हणून उघड पत्र.

पहिलं म्हणजे वेळ. वाघ-सिंह दिवसाचे सोळा-अठरा तास लोळून काढतात, त्यामुळे दुपारी बारा ते चार आवारापुढे उभं राहण्यात अर्थ नाही. धुळ्याहून पहाटे चारला निघालं तर बिजासन घाट ओलांडून दार उघडायच्या सुमाराला पोचता येतं. आधी थेट वाघ-सिंह गाठायचे, पक्षी आणि साप नंतर. सोमवारी बंद. डझनभर केळी गाडीतच ठेवायची, कारण प्राण्यांना खाऊ घालणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मांस संध्याकाळी आणि आतल्या रात्रीच्या खोलीतच का देतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे उलगडा झाला. मोठ्या वाघाला साधारण आठ-दहा किलो लागतं, आठवड्यातून एक दिवस उपास. बाहेरच पोट भरलं तर तो आत येईल कशाला? आणि तो आत गेल्याशिवाय आवार झाडता येत नाही. संध्याकाळी तो दाराशी येरझाऱ्या घालतो, लोक म्हणतात चिडला. चिडलेला नसतो, भूक लागलेली असते. दिवसभर एकाच रेषेत फिरत राहिला, तर मात्र तो कंटाळा. मांस हाडासकट हवं. नुसत्या मऊ मांसात कॅल्शियम पुरत नाही, बछड्यांची हाडं वाकतात.

वाघाने पाठ फिरवून शेपटी उभी केली की चार पावलं मागे व्हायचं! फवारा दोन-तीन मीटर सहज येतो. त्या वासात शिजत्या बासमतीची झाक असते, कारण दोन्हींत एकच सुगंधी रेणू आहे. मग दुसरा वाघ तिथे नाक लावून ओठ मुरडतो, जीभ बाहेर काढतो, नि पोरं हसतात. तो टाळूतल्या इंद्रियाने वास चाखत असतो.

पांढऱ्या वाघाबद्दल एवढंच: तो बर्फातला नव्हे आणि वेगळी जातही नव्हे. रेवा संस्थानात १९५१ मध्ये धरलेल्या मोहनपासून नात्यातल्या नात्यात वाढवलेली ही प्रजा. डोळ्यांचा तिरळेपणाही त्याच जनुकासोबत येतो.

पण खरे आभार एका चपलेसाठी. चार वर्षांची मुलगी आवाराकडे पाठ करून चपलेचा पट्टा लावायला खाली बसली, आणि इतका वेळ मेल्यासारखा पडलेला वाघ मान उचलून, कान पुढे करून तिच्याकडे बघायला लागला. तुम्ही म्हणालात, "बसलेला माणूस त्याला माणूस वाटतच नाही. पाठ फिरवलेलं छोटं जनावर दिसतं."

हे आमच्याकडे थेट शेतात लागू पडतं. रावेर-यावलच्या केळीत, उसात बिबट्या असतो. पंपाची थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्री येते, आणि पाणी भरणारा माणूस वाकलेलाच असतो. तेव्हा एकटं जायचं नाही, बॅटरी चालू ठेवून मोठ्याने बोलत जायचं. वाकायचं काम असेल तर दुसऱ्याने उभं राहून चौफेर नजर ठेवायची. समोर आलाच तर पळायचं नाही. हात वर करून, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरायचं. बसून राहणं सगळ्यात वाईट, रात्री शेतात शौचाला जाणाऱ्यांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं.

थंडीत भरताची वांगी निघाली की पुढची मंडळी येतील. भरीत आणि कळण्याची भाकरी आणतील, ती तुमच्यासाठी. वाघाचा उपास असला तरी त्याला देऊ नका.

आपली,
धुळे-शिरपूरची मंडळी