देव परीक्षा पाहतो?

महोदय,

कुणाच्या घरी अकाली मृत्यू झाला की आमच्या चर्चमध्ये हमखास ऐकू येते, ‘देव परीक्षा पाहतो.’ इंदूरच्या ख्रिस्ती मंडळींच्या तोंडी तरी हे वाक्य इतक्या सहज येऊ नये. सिस्टर राणी मारिया या कॅथलिक नन उदयनगर भागातल्या आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवू पाहत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येताना त्यांना बसमध्येच भोसकण्यात आले. ही परीक्षा कोणाची होती?

पुढे त्यांच्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदुरात राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले, त्या सोहळ्याला तोही हजर होता. हे मन मोठेच. (माझ्याच्याने झाले नसते.) पण प्रवचनांत गोष्ट इथेच संपते आणि खून जणू या क्षमेसाठीच घडला, असा सूर लागतो. तो मला मान्य नाही. क्षमेचे श्रेय देवाच्या योजनेला द्यायचे, तर सुरा कोणाच्या खाती मांडायचा?

बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटे आली, तेव्हा त्याचे मित्र त्याला असेच शहाणपण शिकवत होते. शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. वधस्तंभावरून येशूनेही ‘तू माझा त्याग का केलास?’ असे विचारले. शुभवर्तमानात त्याला आकाशातून उत्तर आलेले नाही.

मी आजही दर रविवारी चर्चला जातो, भांडत का होईना प्रार्थनाही करतो. धर्मगुरूंना विनंती एवढीच की दफनविधीच्या वेळी तरी घरच्यांना हे परीक्षेचे वाक्य ऐकवू नये.

– एक मराठी ख्रिस्ती वाचक, इंदूर