आधी दात पाहा, मग थेरपिस्ट बदला

मार्चपर्यंत हाताने जेवणारे, शौचाला जायचे खुणेने सांगणारे स्वमग्न मूल कधीकधी मे महिन्याच्या सुट्टीनंतर हे सारे सोडून देते. घरचे लगेच थेरपिस्ट बदलायला निघतात. त्याआधी डॉक्टरांकडून शरीर तपासून घ्यावे. किडलेला दात, कानदुखी, बद्धकोष्ठता, मोडलेली झोप: बोलता न येणारे मूल हे चावून किंवा डोके आपटून सांगते. मधेच काही सेकंद नजर हरवत असेल, तर मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. ती फिट असू शकते.

दुखणे नाही असे ठरले, की दोन आठवडे वहीत तीन रकाने भरावेत. आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यातून त्याला काय मिळाले. उत्तर बहुधा तिसऱ्या रकान्यात असते. सुटलेले कौशल्य शेवटच्या पायरीपासून शिकवावे: पँट आपण मांड्यांपर्यंत चढवायची, उरलेली त्याने ओढायची. औषध, शाळा आणि थेरपी एकदम बदलली, तर फरक कशाने पडला हे कळणार कसे?



गर्दी आणि ड्रिलचा आवाज यांमुळे दाताची साधी तपासणीही अडते. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपल्या रुग्णालयांच्या दंतविभागात आठवड्यातून एक सकाळ या मुलांसाठी, वेळ ठरवून, राखून ठेवावी.

– काही पालक, वाशी